फायर अलार्मची केबल कोणी टाकावी: नेहमीच्या इलेक्ट्रिशियनने की परवानाधारक एजन्सीने?

सोसायटीत फायर अलार्म बसवताना समितीपुढे बहुधा दोन पर्याय येतात. पॅनेल (अलार्मची नियंत्रण पेटी) आणि डिटेक्टर (धूर किंवा उष्णता ओळखणारी उपकरणे) एजन्सीकडून घेऊन केबलचे काम नेहमीच्या इलेक्ट्रिशियनला द्यायचे, किंवा आराखड्यापासून चाचणीपर्यंत सगळेच एजन्सीवर सोपवायचे. आमच्या एका विंगमध्ये पहिला पर्याय झाला, दुसरीत दुसरा.

पहिल्यात खर्च कमी येतो, शिवाय कोणता पाइप कुठून गेला आहे हे इलेक्ट्रिशियनला पाठ असते. अडचण असते ती सवयीची. दिव्यांच्या वायरिंगमध्ये जवळच्या जंक्शन बॉक्समधून फाटा काढलेला चालतो. कन्व्हेन्शनल (प्रत्येक डिटेक्टरला वेगळा क्रमांक नसलेल्या) अलार्ममध्ये मात्र वायर एका डिटेक्टरवरून दुसऱ्यावर अशी ओळीनेच न्यावी लागते, कारण ती शाबूत आहे की नाही हे पॅनेल शेवटच्या टोकाला लावलेल्या रेझिस्टरवरून ओळखते; फाट्यावरचा डिटेक्टर निघाला तरी पॅनेलला त्याचा पत्ता लागत नाही. अर्थात, आराखडा हाती देऊन समजावल्यास चांगला इलेक्ट्रिशियन हे नीट करतो.

माझे मत एजन्सीच्या बाजूने बनले ते पहिल्या विंगमधल्या पावसाळ्यातल्या अर्थ फॉल्टमुळे, म्हणजे केबलमधून जमिनीकडे होणाऱ्या वीजगळतीमुळे. पॅनेलचा बझर वाजायचा, वॉचमन तो बंद करायचा आणि पुन्हा तेच. एजन्सी म्हणे केबल आमची नाही, इलेक्ट्रिशियन म्हणे पॅनेल तपासा. केबलला मेगर (जास्त व्होल्टेज देऊन इन्सुलेशन तपासणारे यंत्र) लावायचा तर आधी पॅनेल आणि डिटेक्टर सोडवावे लागतात, नाहीतर त्यांतले इलेक्ट्रॉनिक्स खराब होण्याची भीती असते. सोडवणे एजन्सीचे काम, मेगर इलेक्ट्रिशियनचा, आणि दोघे एकाच दिवशी येतील तर शपथ! महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी शेवटी मालक किंवा भोगवटादारावरच असते, आणि दर जानेवारी व जुलैमध्ये लागणारे ‘नमुना ब’ प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीच देते. दुसऱ्याने टाकलेल्या केबलवर सही करताना तिने का-कू केली, तर तिला दोष तरी कसा द्यावा?

दुसऱ्या विंगमध्ये फॉल्ट आलाच नाही असे नाही. पण फोन एकालाच करावा लागला. दर चढा होता हे खरे, आणि काही एजन्सी केबलचे काम परस्पर पोटकंत्राटदाराला देतात, म्हणून केबलमधला फॉल्ट कोण काढणार हे कार्यादेशात (वर्क ऑर्डरमध्ये) लिहून घ्यावे. पॅनेलचा 230 व्होल्टचा पुरवठा मात्र मी आजही आमच्या इलेक्ट्रिशियनकडूनच घेईन, स्वतंत्र एमसीबीवर (जादा भार आल्यास पडणाऱ्या स्विचवर). जिन्यातल्या दिव्यांच्या आरसीसीबीवर, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर, तो कदापि नको; दिव्यांतल्या गळतीने पॅनेलही बंद पडेल.