जर्मन वाचनासाठी कोणती लोककथा निवडावी: मेर्शन, झागे, फाबेल की श्वांक?

जर्मन शिकताना ए-२ पातळी (ए-१ ते सी-२ या युरोपीय श्रेणीतली दुसरी पायरी; पुढे बी-१, बी-२) संपत आली की पाठ्यपुस्तकाबाहेरचं काहीतरी वाचावंसं वाटतं. बहुतेकांचा हात आधी फाबेलकडे, म्हणजे प्राणिकथेकडे जातो, कारण ती अर्ध्या पानात संपते. पण लांबीवरून सोपेपणा ठरवू नका. तेच शब्द आणि तीच वाक्यं किती वेळा परत येतात, ते बघा.

या कसोटीवर मेर्शन, म्हणजे ग्रिम बंधूंनी जमवलेल्या परीकथा, सरस ठरतात. संग्रहाचा पहिला खंड १८१२ चा. आज सहसा १८५७ च्या सातव्या आवृत्तीचा पाठ छापतात. एकच प्रसंग तीनदा घडतो आणि जवळजवळ त्याच शब्दांत. त्यामुळे गिंग (गेला), काम (आला), श्प्राख (बोलला), रीफ (हाक मारली) ही भूतकाळी रूपं पाठ न करताच डोक्यात बसतात. ‘मेडशेन’ (मुलगी), ‘टोप्फशेन’ (छोटं भांडं) असे ‘शेन’ने संपणारे शब्द नपुंसकलिंगी, हेही पक्कं होतं.

सुरुवात ‘डेर झ्युसे ब्राय’ने करा. गोड खीर शिजवणाऱ्या जादूच्या भांड्याची ही कथा पानभरसुद्धा नाही. भांडं सुरू करायला दोन शब्द, थांबवायला दोन शब्द. मधेच, आई भांडं सुरू करते तिथे, निवेदन भूतकाळातून वर्तमानकाळात उडी मारतं. इथे विद्यार्थी गोंधळतात, पण ती छपाईची चूक नव्हे, सांगण्याची लकब आहे. पहिल्या वाचनात शब्दकोश बंद ठेवा, फक्त क्रियापदांखाली रेघ मारा. दुसऱ्या वाचनात त्यांची मूळ रूपं लिहा. मग तीच कथा पेर्फेक्टमध्ये, म्हणजे बोलण्यातल्या भूतकाळात, मोठ्याने सांगा. हे टाळलंत तर बोलण्यातही प्रेटेरिटुम, म्हणजे कथेतला पुस्तकी भूतकाळ, शिरतो.

निवड करताना दोन गोष्टी सांभाळा. ‘फॉन डेम फिशर उन स्यीनर फ्रू’ ही कोळ्याची कथा मूळ संग्रहात प्लाटडॉइच या उत्तर जर्मन बोलीत आहे, त्यामुळे प्रमाण जर्मनमधलं रूपांतरच घ्या. आणि जुन्या प्रतींचं स्कॅन नको: फ्राक्टूर या जुन्या जर्मन छपाईच्या लिपीतला लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, शिवाय १९०१ च्या शुद्धलेखन सुधारणेआधीचं ‘टी’नंतरचं जादा ‘एच’ नको ती सवय लावतं.

बी-१ झालेल्या प्रौढ वाचकाने मात्र झागे, म्हणजे स्थळाला आणि काळाला बांधलेली आख्यायिका, जरूर वाचावी. तिच्याकडे उगाच दुर्लक्ष होतं. हामेलन गाव, साल १२८४, बासरीवाल्यामागे गेलेली १३० मुलं: नावं आणि आकडे धरून अर्थ लागत जातो. ‘असं झालं म्हणतात’ हे सांगायला झागेत ‘झोलेन’ हे सहायक क्रियापद आणि कोन्युंक्टिव-१ हे दुसऱ्याचं म्हणणं सांगणारं क्रियापदरूप वारंवार येतात. वर्तमानपत्र वाचताना नेमकं हेच लागतं. पुनरावृत्ती कमी असल्याने ए-२ ला मात्र ती जड जाते.

आता फाबेल. जर्मन लेखक लेसिंगच्या १७५९ च्या गद्य प्राणिकथांमधला कावळा-कोल्हा घ्या. गोष्ट आपल्याला पाठ आहे, तरी पहिल्याच वाक्यात धाप लागते. ‘घेऊन गेला’ या एकाच क्रियापदाचा ‘ट्रुग’ सुरुवातीला आणि त्याचा तुटलेला तुकडा ‘फोर्ट’ पार शेवटी. मधे विषारी मांस, चिडलेला माळी आणि शेजाऱ्याच्या मांजरांसाठी ते मांस टाकल्याची पूर्णभूतकाळी उपवाक्यरचना. व्याकरणाच्या एका तासाला असं वाक्य उत्तम, सलग वाचनाला नाही. पद्यातल्या फाबेल तर यमकासाठी शब्दक्रमच बदलतात.

श्वांक, म्हणजे विनोदी किस्से, शेवटी ठेवा. टिल ऑयलेनश्पीगेल या जर्मन लोककथेतल्या खोडकराच्या बऱ्याच खोड्या शब्द शब्दशः घेण्यावर उभ्या आहेत. ब्राउनश्वाइगचा पाववाला वैतागून म्हणतो, घुबडं आणि माकडं भाज. टिल खरोखर तशा आकाराचे पाव भाजतो. मालकाचं बोलणं उपरोधाचं होतं हे ऐकताक्षणी कळलं तरच हसू येतं, आणि तेवढी जाण बहुधा बी-२ च्या पुढेच येते.