कोल्हापूर विमानतळ: काही महिन्यांच्या ये-जा नंतर

लेक हैदराबादला असल्यामुळे आमचं उजळाईवाडीच्या विमानतळावर येणं-जाणं वाढलंय. गेल्या महिन्यात विमान ऐनवेळी रद्द झालं, कंपनीशी चांगलंच वाजलं, म्हणून हे लिहायला बसलो.

विमानतळावर मी खूश आहे. 1939 साली राजाराम महाराजांच्या काळात सुरू झालेल्या या विमानतळाला मार्च 2024 मध्ये नवं टर्मिनल मिळालं. दगडी कमानी बघितल्या की आपल्या गावात आल्यासारखं वाटतं. आईचे गुडघे दुखतात. मोठ्या विमानतळांवरची पायपीट तिला झेपत नाही. इथे दारापासून विमानापर्यंत ती कुठेही न टेकता जाते. एटीआर (पंख्यांचं छोटं) विमान असेल तर मागच्या दाराने चढायचं असतं, त्यामुळे तिला शेवटच्या रांगेतलीच सीट घेतो. दोन पावलांत जागेवर, आणि उतरतानाही खोळंबा नाही.

आता रद्द झालेल्या विमानाचं. आदल्या संध्याकाळी मेसेज आला. तिकिटाचे पैसे परत आले, पण भरपाईचं नाव नाही. फोनवर आधी हवामानाचं कारण दिलं, लेखी मागितल्यावर ‘ऑपरेशनल’, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाचं. सगळी गोम इथेच आहे! हवामानामुळे विमान रद्द झालं तर भरपाई लागू होत नाही. पण कारण कंपनीच्या हातातलं असेल आणि विमान सुटायला चोवीस तासांहून कमी वेळ उरला असताना कळवलं असेल, तर डीजीसीएच्या (विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाप्रमाणे एक ते दोन तासांच्या प्रवासाला 7,500 रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यातली कमी असेल ती रक्कम द्यावी लागते. हक्काचे पैसे का सोडायचे? लेखी कारण जोडून एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आणि पैसे खात्यात जमा झाले.

तोवर परत बसनेच जायचं असं घरात ठरलं होतं. पण रात्रभर बसमध्ये आखडून गेल्यावर आईचा पुढचा अख्खा दिवस वाया जातो, तो हिशेब केला आणि पुन्हा विमानाचंच तिकीट काढलं. मात्र लग्न, ऑपरेशन, परीक्षा असं काही असेल तर आम्ही एक दिवस आधीच निघतो.

एजंटकडून तिकीट काढत असाल तर त्यावर स्वतःचाच मोबाइल नंबर घालायला लावा. संपर्काची नीट माहिती दिलेली नसेल तर भरपाई नाकारता येते.