दूध-लोण्याविना चॉकलेट केक: नऊ महिन्यांचा अनुभव

पुण्यातील आमच्या कार्यालयात आम्ही अठरा जण एका विभागात काम करतो. त्यांतील एकीला दुधातील प्रथिनांची ॲलर्जी आहे आणि एकाला दूध पचत नाही. वाढदिवसाचा केक कापला जाताना हे दोघे टाळ्या वाजवून बाजूला उभे राहत, हे मला फार दिवस खटकत होते. म्हणून गेल्या ऑगस्टपासून दूध, लोणी आणि अंडे यांपैकी काहीही नसलेला चॉकलेट केक मी घरी करून नेऊ लागले. आतापर्यंत तो अकरा वेळा केला आहे.

पहिल्या दोन वेळा मी नेहमीच्याच केकमध्ये दुधाऐवजी सोया दूध आणि लोण्याऐवजी मार्जरिन वापरले. केक जड झाला आणि दुसऱ्या दिवशी कोरडा पडला. त्यानंतर मी अमेरिकेतील एका जुन्या घरगुती केकच्या कृतीकडे वळले. टंचाईच्या काळाशी तिचे नाते सांगितले जाते आणि तिच्यात दूध, लोणी, अंडे मुळातच नसते. माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, दुधाला पर्याय शोधण्यापेक्षा दुधाची गरजच नसलेली कृती निवडावी.

प्रमाण असे: मैदा १९० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, कोको पावडर २५ ग्रॅम, खाण्याचा सोडा १ छोटा चमचा आणि मीठ अर्धा छोटा चमचा. साखरेखेरीज हे सर्व एकत्र चाळून घ्यावे आणि मग त्यात साखर मिसळावी. दुसऱ्या भांड्यात २४० मिली पाणी, ८० मिली वास नसलेले तेल, १ मोठा चमचा पांढरे व्हिनेगर आणि थोडा व्हॅनिला इसेन्स घ्यावा. दोन्ही एकत्र केल्याबरोबर मिश्रणावर बारीक बुडबुडे दिसू लागतात, कारण सोडा आणि व्हिनेगर यांची क्रिया तेव्हाच सुरू होते. त्यामुळे ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) १८० अंशांवर आधीच गरम असला पाहिजे आणि भांडे लगेच आत गेले पाहिजे. एकदा मी फोनवर बोलत दहा मिनिटे घालवली आणि केक मध्यभागी बसला. ८ इंची चौकोनी भांड्यात तो ३० ते ३५ मिनिटांत भाजून होतो व त्याचे सोळा तुकडे पडतात. म्हणून अठरा जणांसाठी मी दोन भांडी लावते. कोको साधी घ्यावी. अल्कलीची प्रक्रिया केलेली गडद कोको वापरली तेव्हा सोड्याची साबणासारखी चव मागे राहिली. तेल थंडपणी लोण्यासारखे घट्ट होत नसल्यामुळे केकची जाळी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते आणि आदल्या रात्री करून ठेवता येतो, ही नोकरी करणाऱ्यांसाठी मोठी सोय आहे.

खरे कष्ट भाजण्यात नाहीत, पाकिटे वाचण्यात आहेत. सप्टेंबरमध्ये मी केकवर ‘नॉन-डेअरी’ लिहिलेले क्रीम लावून नेले होते. ॲलर्जी असलेली सहकारी म्हणाली, “मॅडम, रागावू नका, पण पाकीट आणलंय का?” सुदैवाने माझ्याकडे त्याचा फोटो होता. घटकांच्या यादीत बारीक अक्षरांत सोडियम केसिनेट लिहिलेले होते, म्हणजे दुधातीलच प्रथिन. ती न विचारता खाती तर काय झाले असते, या विचाराने मी त्या दिवशी अस्वस्थ होते. दूध न पचणाऱ्याचा त्रास लॅक्टोज या साखरेमुळे होतो, तर ॲलर्जी केसिनसारख्या प्रथिनांमुळे. त्यामुळे लॅक्टोजमुक्त दूध पहिल्याला चालते, दुसरीला मुळीच नाही. डार्क कंपाउंडच्या (कोको बटरऐवजी वनस्पती तेल वापरलेल्या चॉकलेटच्या) काही लाद्यांतही दुधाची पावडर असते. आपल्याकडे ॲलर्जीकारक घटक लेबलवर जाहीर करावे लागतात, म्हणून ‘दूध आहे’ ही ओळ मी आधी शोधते. ‘दुधाचा अंश असू शकतो’ असे लिहिलेले असेल तर निर्णय मी घेत नाही; पाकीट तिच्यासमोर ठेवते. केक कापायची सुरीही घरून वेगळी नेते.

आता वरचा थर मी १५० ग्रॅम डार्क चॉकलेट आणि डबाबंद नारळाचे १२० मिली घट्ट दूध यांचा करते. दूध कडेने बुडबुडे येईपर्यंत तापवून चिरलेल्या चॉकलेटवर ओतावे, दोन मिनिटे हात लावू नये आणि मग मधूनच कडेकडे सावकाश ढवळावे. आधी ते फाटल्यासारखे दिसते, मग एकाएकी आरशासारखे चकचकीत होते. घरी काढलेल्या नारळाच्या दुधात पाण्याचे प्रमाण दर वेळी बदलते, म्हणून तो थर कधी घट्ट झाला, कधी नाही. नारळाचा वास कोणाला नको असेल तर अर्धा छोटा चमचा इन्स्टंट कॉफी घातल्याने तो बराच दबतो.

एप्रिलच्या उन्हात मात्र हा थर बसमध्येच वितळून डब्याच्या झाकणाला लागला. मे महिन्यात मी तो लावलाच नाही; वरून फक्त पिठीसाखर भुरभुरवली, आणि त्या दिवशी तिने दुसरा तुकडा मागून घेतला.