फळ की मायसेलियम? औषधी अळिंबीची पूड निवडताना

प्रयोगशाळेत वाढवलेल्या औषधी अळिंबीची पूड घेताना ती फळाची, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या अळिंबीची, आहे की मायसेलियमची, म्हणजे बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्याची, असा प्रश्न बहुतेक ग्राहक विचारतात. मात्र एकाच बुरशीची ही दोन अंगे वेगवेगळी रसायने तयार करत असल्याने, आपल्याला कोणते द्रव्य हवे आहे हे आधी ठरवावे लागते.

लायन्स मेन या आयाळीसारख्या दिसणाऱ्या अळिंबीमध्ये हा फरक सर्वांत ठळक आहे. जपानचे हिरोकाझू कावागिशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तिच्या फळातून हेरिसेनोन आणि १९९४ मध्ये मायसेलियममधून एरिनासिन वेगळे केले. पेशींवरील प्रयोगांत दोन्ही द्रव्यांनी मज्जातंतूंच्या वाढीला लागणाऱ्या प्रथिनाच्या निर्मितीला चालना दिली; तरीही एरिनासिन हवे असेल, तर फळाची महागडी पूड घेऊन उपयोग नाही.

गॅनोडर्मा या औषधी अळिंबीचे गणित उलटे आहे. तिची कडू ट्रायटर्पिनॉइड द्रव्ये मुख्यतः फळात असतात आणि अल्कोहोलमध्ये चांगली उतरतात, तर पॉलिसॅकराइड, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्या, गरम पाण्यात उतरतात व द्रव माध्यमातील मायसेलियमपासूनही मिळतात. म्हणून गॅनोडर्माचा अर्क मुळीच कडू लागत नसेल, तर मला शंका येते.

कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस या औषधी बुरशीच्या बाबतीत मी बरणीत तांदळावर वाढवलेली नारिंगी फळेच निवडेन. द्रव माध्यमात वाढवल्यास कॉर्डिसेपिनचा, म्हणजे ज्यासाठी ती घेतली जाते त्या द्रव्याचा, मोठा भाग माध्यमातच उतरतो, आणि मायसेलियम गाळून ते पाणी टाकून दिले, तर हवे असलेले द्रव्यही त्याबरोबर जाते. उत्तराखंडच्या डोंगरांतून येणारी कीडाजडी ही वेगळी जात आहे. कॉर्डिसेपिनसाठी तिला किलोमागे लाखो रुपये मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

धान्यावरचे मायसेलियम धान्यासकट दळलेले असेल, तर मात्र मी ते कोणत्याही जातीचे घेणार नाही. चिमूटभर पूड पाण्यात कालवून तिच्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि रंग निळा-काळा झाला, तर तिच्यात स्टार्च आहे. स्टार्चही पॉलिसॅकराइडच असल्यामुळे वेष्टनावरचा ‘एकूण पॉलिसॅकराइड’ हा आकडा त्याने फुगतो. म्हणून विक्रेत्याकडे बीटा-ग्लुकनचे, म्हणजे बुरशीच्या स्वतःच्या पॉलिसॅकराइडचे, प्रमाण स्वतंत्रपणे दाखवणारा तपासणी अहवाल मागावा. रक्त पातळ करण्याची किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर खरेदीपूर्वीच तो अहवाल घेऊन डॉक्टरांना भेटावे.