क्लोनझिला, वापरानंतर: अख्खं मशीन परत येतं, एक फाइल मात्र घाम काढते

ठाण्यातल्या लहान ऑफिसांची मशीन मी सांभाळतो. नौपाड्यातली सीएंची ऑफिसं, वागळे इस्टेटमधले दोन-तीन वर्कशॉप, एक दवाखाना. या सगळ्यांचे बॅकअप गेले कित्येक महिने क्लोनझिलाने, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत काढणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने, घेतोय आणि भेटेल त्याला तेच सांगत होतो: लायसन्सचा रुपया लागत नाही, पेनड्राइव्हवरून चालतं, तैवानच्या नॅशनल सेंटर फॉर हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगमधून आलेलं भक्कम काम आहे, डोळे झाकून वापरा. अख्खी डिस्क परत चढवायची असेल तर आजही तेच सांगेन. त्या बाबतीत एकदाही दगा दिलेला नाही, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

माझं मत फिरलं ते एका लॅपटॉपमुळे. मशीन वॉरंटीत होतं, बंद पडलं म्हणून सर्व्हिस सेंटरला दिलं. डेटाला हात लावू नका, असं जॉबशीटवर लिहून घेतलं होतं. तरीही कोरी एसएसडी बसवून परत दिलं. जुनी डिस्क द्या म्हटलं तर पॉलिसीत बसत नाही, हे एकच उत्तर. काउंटरवर आवाज चढवला, वरपर्यंत मेल केले, उपयोग शून्य.

क्लोनझिलाने काढलेली त्या डिस्कची प्रत, म्हणजे इमेज, माझ्याकडे होती, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण सीए मॅडमना अख्खा लॅपटॉप नको होता.

“अहो, विंडोज वगैरे सावकाश करा. एका क्लायंटचं मार्चचं फोल्डर तेवढं आत्ता काढून द्या. नोटिशीला उत्तर द्यायचंय.”

“मॅडम, त्याला वेळ लागेल.”

“बॅकअप आहे म्हणालात ना? मग झिप उघडायला कसला वेळ?”

त्यांचा प्रश्न रास्त होता, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. क्लोनझिलाचा बॅकअप झिपसारखा उघडता येत नाही. तुम्ही वापरत असाल तर फोल्डरमधली ती लांबलचक नावं पाहिलीच असतील: पार्टिशनचं (डिस्कच्या भागाचं) नाव, मग एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत), मग पीटीसीएल-इमेज, मग जीझिप किंवा झेडएसटीडी (कॉम्प्रेशनचे प्रकार), आणि शेवटी एए, एबी, एसी असे तुकडे. एकावर एक तीन वेष्टनं आहेत. तुकडे लिनक्सच्या कॅट कमांडने जोडता येतात, कमांड चालवणारं शेल ते बरोबर क्रमाने लावतं. खरी अडचण कॉम्प्रेशनची. जीझिपचा प्रवाह सुरुवातीपासूनच उलगडावा लागतो, मधल्याच जागी उडी मारता येत नाही. आणि तो उलगडल्यावरही हातात पार्टिशन येत नाही, पार्टक्लोनचा, म्हणजे क्लोनझिला आतून वापरतं त्या प्रोग्रामचा, स्वतःचा फॉरमॅट येतो. त्यात फक्त वापरातले ब्लॉक (डिस्कवरचे छोटे कप्पे) आणि कुठले ब्लॉक वापरात आहेत त्याचा नकाशा असतो. ही युक्ती उत्तम आहे, रिकामी जागा कॉपीच होत नाही, म्हणून बॅकअप लहान आणि वेगवान होतो. पण लिनक्सच्या माउंटला, म्हणजे डिस्क जोडून आतल्या फाइली दाखवणाऱ्या कमांडला, ते कळत नाही. आधी पार्टक्लोनच्या रिस्टोअर कमांडने साधी रॉ इमेज (पार्टिशनची जशीच्या तशी फाइल) बनवायची आणि मग ती लूप डिव्हाइसवर चढवायची, म्हणजे लिनक्स त्या फाइलला डिस्क समजतं.

आता हिशेब बघा. लॅपटॉपची डिस्क ५१२ जीबीची. रॉ इमेज म्हणजे अख्ख्या पार्टिशनएवढी फाइल. माझ्या मशीनमध्ये २५६ जीबीची एसएसडी. काही एमबींच्या फोल्डरसाठी एक टीबीची डिस्क विकत आणायची? ऑफिसला बिल लावता येत नाही, पैसे माझ्याच खिशातून जाणार. हे वाचून कुणी म्हणेल, डिस्क काय, आज ना उद्या लागणारच आहे. लागेल तेव्हा घेईन. ज्या कामात ती लागायलाच नको, त्यासाठी मी घेणार नाही.

त्यात एक एक्सटर्नल डिस्क हाताशी होती, पण एक्सफॅट फाइल सिस्टिमची. तिथे रॉ इमेज काढायला घेतली आणि जागा भरून काम मध्येच थांबलं. तोवर या लेखाचं शीर्षक माझ्या डोक्यात बरंच कडवट होतं.

इथे मत थोडं बदलावं लागलं. तीच कमांड माझ्या ईएक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) पार्टिशनवर चालवली. मोठ्या सीचा स्विच दिला, म्हणजे ती लक्ष्याचा आकार तपासत बसत नाही, आणि ‘रिस्टोअर रॉ फाइल’चा लांब पर्याय दिला, म्हणजे लूपसाठी फाइल पूर्ण आकाराची बनते. फाइलचा आकार सांगणाऱ्या एलएसने पाहिलं तर फाइल ४७६ जीबीची, २५६ जीबीच्या डिस्कवर! डिस्कवर व्यापलेली जागा मोजणाऱ्या डीयूने पाहिलं तर जागा खाल्लेली फक्त ११० जीबीच्या आसपास. फाइल स्पार्स, म्हणजे विरळ, होती. जे ब्लॉक मुळात वापरातच नव्हते, ते पार्टक्लोन लिहीत नाही, नुसतं ओलांडून पुढे जातं, आणि ईएक्सटी४ तिथे भोकं ठेवतं. एक्सफॅटमध्ये ही सोयच नाही, तिथे शून्यंसुद्धा जागा खातात. नवी डिस्क वाचली. हे कळल्यावर राग अर्धा ओसरला, पण वेळेचं गाऱ्हाणं तसंच उरलं: एका फोल्डरसाठी सगळा प्रवाह उलगडावाच लागला आणि मॅडमचे फोन येत राहिले.

जीझिपच्या आकाराचा एक घोळही इथेच सांगतो. उलगडल्यावर किती जागा लागेल ते बघायला बरेच जण जीझिपला छोट्या एलचा स्विच देतात. आकाराची नोंद त्या फॉरमॅटमध्ये ३२ बिटांची आहे, त्यामुळे ४ जीबीच्या पुढे जुनी जीझिप चुकीचा आकडा दाखवते. २०२२ च्या १.१२ आवृत्तीपासून आकडा बरोबर येतो, पण तो काढायला ती सगळी फाइल उलगडते. म्हणजे वेळ तेवढाच.

माउंट करताना एकच पथ्य पाळा: रीड-ओन्ली. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर बंद केलेलं मशीनही अर्धवट झोपेतच असतं आणि एनटीएफएसवर तशी खूण राहते. केवळ वाचायचं असेल तर ती आड येत नाही. लिनक्सच्या कर्नल (गाभा) ५.१५ पासूनचा एनटीएफएस३ ड्रायव्हर आणि जुना एनटीएफएस-३जी, दोन्हींवर माझं काम झालं. ईएक्सटी४ च्या इमेजचं मात्र नुसत्या रीड-ओन्लीवर भागत नाही. जर्नल (चालू बदलांची नोंदवही) अर्धवट राहिलं असेल तर कर्नल ते आधी चालवू बघतो. सोबत नोलोड हा पर्याय द्या, म्हणजे तो जर्नलला हात लावत नाही. दवाखान्याच्या सर्व्हरची इमेज याच एका शब्दाअभावी चढत नव्हती.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असलेल्या मशीनला हे सगळं लागू नाही. फाइल सिस्टिम ओळखता येत नाही म्हणून क्लोनझिला डीडी या सरसकट कॉपी करणाऱ्या कमांडसारखा एकूण एक सेक्टर उचलतं. इमेज प्रचंड होते आणि एन्क्रिप्टेड डेटा दाबला जात नाही. रॉ केल्यावर लिनक्सच्या क्रिप्टसेटअप कमांडने ती उघडते, अर्थात रिकव्हरी की असेल तर.

आता मला खरोखर आवडलेली गोष्ट. रॉ इमेज पुन्हा जीझिप करून ठेवायची नाही. ती एमकेस्क्वॉशएफएसला, म्हणजे स्क्वॉशएफएस ही दाबलेली, फक्त वाचता येणारी फाइल सिस्टिम बनवणाऱ्या कमांडला, द्यायची, झेडएसटीडी कॉम्प्रेशन आणि एक एमबीचा ब्लॉक सांगून. स्क्वॉशएफएस २००९ पासून कर्नलमध्ये आहे आणि २०१७ च्या ४.१४ पासून त्यात झेडएसटीडीही चालतं. प्रत्येक ब्लॉक वेगळा दाबलेला असतो, त्यामुळे हव्या त्या जागी थेट उडी मारता येते. आधी स्क्वॉशएफएसची फाइल माउंट करायची, आत रॉ इमेज दिसते, ती रीड-ओन्ली लूपवर माउंट करायची. काही उलगडायचं नाही, जास्तीची जागा लागत नाही, फोल्डर लगेच समोर. आकार क्लोनझिलाच्या इमेजपेक्षा किंचितच मोठा. आधी पार्टक्लोनमधून गेल्याचा इथे फायदा होतो: न वापरलेली जागा निव्वळ शून्यं असते आणि स्क्वॉशएफएस ती जवळपास फुकटात ठेवतं. थेट डीडीने घेतलेल्या हार्ड डिस्कच्या इमेजमध्ये डिलीट केलेल्या फाइलींचा कचराही दाबावा लागतो.

गेल्याच आठवड्यात वागळे इस्टेटच्या एका वर्कशॉपमधून जुनं ड्रॉइंग हवं म्हणून फोन आला. “दादा, उद्यापर्यंत मिळेल का?” फोन चालू असतानाच फाइल पाठवली.

पार्टक्लोन-युटिल्समधलं इमेजमाउंटही वापरून पाहिलं. ते एनबीडीतून (लिनक्सचं नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस) पार्टक्लोनची इमेज थेट दाखवतं, रॉ करायची गरज नाही. पण इमेज कॉम्प्रेस न केलेली हवी, मग माझ्यासारख्याची जागा वाचत नाही. ज्यांच्याकडे जागा आहे आणि वेळ नाही त्यांनी जरूर बघावं.

स्क्वॉशएफएसची उणी बाजू रिस्टोअरला आहे. क्लोनझिलाच्या मेनूतून ती फाइल परत चढवता येत नाही. डीडीने चढवली तर रिकाम्या जागेची शून्यंही लिहिली जातात, वेळ जातो, आणि पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची यादी) एसएफडिस्क कमांडने वेगळं जपून ठेवावं लागतं. म्हणून मी विभागणी केली आहे. विंडोजचं पार्टिशन क्लोनझिलाच्या मूळ रूपात, डेटाचं पार्टिशन स्क्वॉशएफएसमध्ये. ज्या ऑफिसांत सगळं सी ड्राइव्हवरच आहे, तिथे दोन्ही ठेवतो आणि मालकांना डी ड्राइव्ह करून घ्यायला सांगतो. निम्मे ऐकतात.

क्लोनझिलाच्या सेव्ह मेनूत स्क्वॉशएफएसचा पर्याय आला तर माझे पूर्ण गुण. तोवर अख्ख्या मशीनसाठी पाचपैकी पाच, एका फाइलसाठी दोन. जुन्या जीझिपवाल्या इमेज रात्री एकेक करून बदलायला लावल्या आहेत. मूळ इमेज पुसण्याआधी नवी माउंट करून, आतल्या दोन-चार एक्सेल उघडून बघतो, मगच जुनी काढतो.