भूतकाळाच्या शब्दजोड्या आणि ऑक्सफर्ड कोलोकेशन्स डिक्शनरी

‘जुनी आठवण’ लिहायची म्हणून आपण सरळ ‘ओल्ड मेमरी’ लिहून मोकळे होतो. आठवण अंधुक असेल तर इंग्रजीत ‘व्हेग’ किंवा ‘हेझी’, लख्ख असेल तर ‘व्हिव्हिड’. कोणत्या शब्दासोबत कोणता शब्द सहज जोडला जातो (म्हणजेच ‘कोलोकेशन’), नेमकं हेच शोधायला ऑक्सफर्डचा हा कोश बनला आहे. दुसरी आवृत्ती 2009 ची.

वापर सोपा. आधी नाम उघडायचं, मग त्याखाली विशेषणं, क्रियापदं, शब्दयोगी अव्यय असे गट. जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र, मध्ये उभी रेघ. रेघ ओलांडली की अर्थ बदलतो, हे विसरलं की घोटाळा.

खरी उणीव वेगळीच: शब्दजोड्यांचे अर्थ दिलेले नाहीत. ‘चेकर्ड पास्ट’ला ‘रंगीबेरंगी भूतकाळ’ समजून कुणी स्वतःच्या अर्जात लिहिलं तर पंचाईत. त्यात बऱ्यावाइटाची, बरेचदा काळ्या कृत्यांचीही छटा असते. म्हणून शेजारी साधा शब्दकोश हवाच.

शिवाय नोंदी फक्त नाम, क्रियापद, विशेषणांच्या. त्यामुळे आपली हमखास चूक, ‘दोन वर्षांपूर्वी’साठी ‘बिफोर टू इयर्स’, इथे ‘अगो’ शोधून सुधारणार नाही. त्यासाठी व्याकरणाचं पुस्तक. निबंध-ईमेल लिहिणाऱ्यांनी जरूर घ्यावा, नवशिक्यांनी थांबावं.