सेप्सिसमध्ये (संसर्गाला शरीराचा प्रतिसाद बिघडून अवयव निकामी होऊ लागतात तेव्हा) काय बघावं: लिम्फोसाइट की मोनोसाइट?
नागपुरात सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजणारी साधी तपासणी, गल्लोगल्ली होते. त्याच कागदावर न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन पांढऱ्या पेशी शेजारी-शेजारी छापलेल्या असतात. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की गुणोत्तर मिळालं, झालं. चौथ्या दिवशीही लिम्फोसाइट वर येत नसतील तर माझ्या पोटात गोळा येतो, कारण अशा रुग्णांत मृत्यूचा धोका जास्त असतो. मात्र स्टेरॉइड सुरू असेल तर हे गुणोत्तर फसवतं.

मोनोसाइट या पांढऱ्या पेशीवरचा एचएलए-डीआर (जंतूंचे तुकडे इतर प्रतिकारपेशींना दाखवणारं प्रथिन) अधिक खोलातलं सांगतो: तपासणीत त्याला पेशीमागे चिकटलेली प्रतिपिंडं 8,000 च्या खाली, म्हणजे प्रतिकारशक्ती लुळी पडलेली. पण त्याला फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी लेझरने तपासणारं यंत्र) हवा, नमुना थंड ठेवून काही तासांतच तपासायला हवा. मे महिन्यात, 45 अंशांत, ती ट्यूब थंड डब्यातूनच न्यावी.

मी सीबीसीच निवडेन, तीही रोज. आठवडा उलटूनही नवनवे संसर्ग होत राहिले, तर एचएलए-डीआर.